कवटीवरचे बिंदू आणि त्यांच्यामधल्या रेषा

तर आज आपण कवटी आणि जबड्यावरच्या खुणांचा इतिहास बघणार आहोत. सुरुवात एका घरगुती खुणेपासून करू. बाळाला न्हाऊ घालताना आपल्याकडे टाळू भरतात. डोक्यावर जिथे हाताला मऊ लागतं, तिथे हाडं अजून जुळलेली नसतात. साधारण दीड-दोन वर्षांत ती जागा भरून येते, आणि कपाळाचं हाड व डोक्याची दोन्ही बाजूंची हाडं जिथे एकत्र येतात तिथे एक बिंदू उरतो. शरीरशास्त्रात त्याला ब्रेग्मा म्हणतात. गंमत म्हणजे मराठीत टाळू हा शब्द तोंडाच्या आतल्या छतालाही चालतो. घरात त्याने काही बिघडत नाही, कुठली टाळू ते बोलण्यावरून कळतं. पण पॅरिसमध्ये मोजलेली कवटी बर्लिनमधल्या कवटीशी ताडून बघायची असेल तर एका नावाची एकच जागा लागते.

अशा जागा आपल्याही चेहऱ्यावर आहेत. बसल्या बसल्या बोट लावून बघा. दोन भुवयांच्या मधून खाली आलं की नाकाच्या मुळाशी खोलगट भाग लागतो, तो नेझिऑन. कानाखालून जबड्याच्या कडेने हनुवटीकडे येताना हाड वळतं, तो कोपरा म्हणजे गोनिऑन. हनुवटीचा अगदी तळ तो मेंटन. डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेवरचा सर्वांत खालचा बिंदू ऑर्बिटाले, आणि कानाच्या भोकाची वरची कड म्हणजे पोरिऑन. यातली बरीच नावं एकोणिसाव्या शतकात पक्की झाली, आणि त्यात पॅरिसच्या पॉल ब्रोकाचा वाटा मोठा.

बिंदू खरे आहेत, आणि ते सगळ्यांच्या डोक्यात असतात. भांडण झालं ते त्यांना जोडणाऱ्या रेषांवरून.

पहिली गाजलेली रेषा ओढली पेट्रस काम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाने, अठराव्या शतकात. तो चित्रकारही होता. जुन्या चित्रांमधले कृष्णवर्णीय लोक चेहऱ्याने युरोपीय आणि फक्त रंगाने काळे दिसतात, हे त्याला खटकत होतं. म्हणून त्याने कानापासून नाकाच्या तळाकडे एक रेषा काढली, कपाळापासून वरच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला दुसरी, आणि दोन्हींमधला कोन मोजला. सगळी माणसं एकाच कुळातली, असं तो स्वतः मानत होता. पण त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७९१ मध्ये आलं. त्यातली माकडापासून ग्रीक पुतळ्यापर्यंत ओळीने मांडलेली डोकी पुढच्या लोकांनी शिडीसारखी वाचली. इथून पुढे जवळजवळ दीड शतक ही शिडी काही हटली नाही.

पुढची अडचण अगदी साधी होती. कवटी टेबलावर ठेवायची तरी कशी? थोडी पुढे झुकवली की कपाळ उभं दिसतं, मागे कलली की उतरतं. ब्रोकाची आडवी पातळी वेगळी, जर्मनांची वेगळी. शेवटी १८८२ मध्ये जर्मन मानवशास्त्रज्ञांनी फ्रँकफुर्टला ठरवलं की पोरिऑन आणि ऑर्बिटाले यांना जोडणारी रेषा आडवी धरायची. हीच ती फ्रँकफुर्ट पातळी. दातांच्या डॉक्टरांनी तुमच्या अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला असेल, तर तंत्रज्ञाने तुमची हनुवटी धरून थोडी वर-खाली केली असेल. तो नेमकी हीच रेषा जमिनीला समांतर करत होता. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंटने डोकं स्थिर धरून एक्स-रे काढायचं यंत्र मांडलं, आणि वाकड्या दातांच्या उपचारात या बिंदूंना कायमची जागा मिळाली. तिथे त्यांचा उपयोग चोख आहे, कारण एकाच मुलाचा जबडा दोन वर्षांत किती वाढला हे त्यातून कळतं.

आता हिंदुस्थानात येऊ. हर्बर्ट रिस्ली हा बंगालमधला ब्रिटिश अधिकारी, पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. त्याने जिवंत माणसांची नाकं मोजवली. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, हा झाला नासिका-निर्देशांक. ७० च्या खाली म्हणजे 'सरळ' नाक. जात जितकी वरची तितकं नाक अरुंद, असा नियमच त्याने मांडला. हिशेब करून बघू. नाक ३५ मिलिमीटर रुंद आणि ५१ उंच असेल तर निर्देशांक ६८.६. मोजणाऱ्याचं बोट नेझिऑनवरून दोन मिलिमीटर खाली घसरलं तर उंची ४९ आणि निर्देशांक ७१.४. माणूस वर्ग बदलून मोकळा! आणि हे बोट टेकायचं होतं कातडीवरून, घामट कपाळाखाली, रांगेत उभ्या केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर.

गोविंद सदाशिव घुर्ये, मूळचे मालवणचे, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्रमुख. त्यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात हे आकडे पुन्हा तपासले. उत्तरेच्या काही भागात रिस्लीचा नियम थोडाफार लागू पडतो, पण महाराष्ट्रात, गुजरातेत, दक्षिणेत पडत नाही, असं त्यांनी दाखवलं.

घुर्यांची विद्यार्थिनी इरावती कर्वे. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशरच्या संस्थेत. आपल्या लेखी आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. फिशरचं म्हणणं असं होतं की युरोपीय माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू असमान असतात, कारण त्याच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून बुद्धीही मोठी. हे सिद्ध करायचं काम कर्व्यांकडे आलं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सापडली, पण ती सगळ्यांमध्येच सापडली. वंशाशी तिचा संबंध लागला नाही, आणि कर्व्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. विचार करा, परक्या देशात, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच सिद्धांताविरुद्ध, पंचविशीतल्या एका बाईने. हाच फिशर पुढे नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाचा आधार झाला.

एवढं सांगून थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. कर्व्यांनी मोजपट्टी खाली ठेवली नाही. पुण्याला डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी महाराष्ट्रातल्या जातींची मोजमापं घेतली, आणि १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांबरोबर त्यांचं पुस्तक काढलं. त्यांचा प्रश्न मात्र शिडीचा नव्हता. एका नावाखाली येणाऱ्या पोटजाती मुळात एकच होत्या का, हे त्यांना हवं होतं. तरीही माणसाला जातीच्या रकान्यात उभं करून त्याचं डोकं मोजायचं, ही पद्धत त्या बर्लिनहूनच घेऊन आल्या होत्या, हे आपण नाकारू नये.

बर्लिनमध्ये वसाहतींच्या काळात आणलेल्या हजारो कवट्या अजून आहेत. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या अकराशेहून अधिक कवट्यांचा तिथे अलीकडे शोध घेतला गेला. २०२३ मध्ये त्यातल्या काहींचे जिवंत नातेवाईक टांझानियात सापडले. हे कळलं जुन्या नोंदी आणि डीएनए जुळवून. एक कवटी किलिमांजारोच्या पायथ्याच्या मांगी मेली या राजाच्या सल्लागाराची निघाली. त्याचं घराणं अजून तिथेच राहतं.