वाजवी मजुरीचं कलम

महापालिकांच्या खरेदी धोरणांत आता पुनर्वापराचा कागद आला, विजेवरच्या बस आल्या, बालमजुरी न वापरता बनवलेल्या मालाची अटही आली. या अटींचा एक मूळपुरुष शोधायला १८८९ सालच्या लंडनपर्यंत मागे जावं लागतं. ‘आमचं काम घ्यायचं असेल तर कामगारांना वाजवी मजुरी द्यावी लागेल,’ अशी अट तिथल्या स्थानिक संस्थांनी तेव्हा कंत्राटात घातली.

तिच्याआधी नियम एकच होता : ज्याची निविदा सर्वांत कमी, त्याला काम. विटा, कागद, कापड सगळ्या कंत्राटदारांना जवळपास सारख्याच भावाने मिळत. मग दर पाडायचा कशातून? मजुरीतून. त्यामुळे पुरेशी मजुरी देणारा मालक निविदेतच हरायचा आणि सार्वजनिक पैसा पिळवणूक करणाऱ्याच्या घरी जायचा. १८८८पासून ब्रिटिश उमरावांच्या सभागृहाची एक समिती या पिळवणुकीच्या साक्षी नोंदवत होती. काम कंत्राटदाराकडून पोटकंत्राटदाराकडे, तिथून अंधाऱ्या खोलीत शिवत बसलेल्या बाईकडे उतरत जाई आणि प्रत्येक पायरीवर मजुरी झिजत जाई.

त्याच वर्षी लंडनमधल्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींच्या संपामागे ॲनी बेझंट उभ्या राहिल्या. पुढे भारतात येऊन होमरूल चळवळ उभारणाऱ्या याच त्या बेझंटबाई. नोव्हेंबर १८८८मध्ये त्या लंडन स्कूल बोर्डावर निवडून आल्या. शाळा बांधणं, बाकं आणि छपाई असा बोर्डाचा खरेदीचा पसारा मोठा होता. बेझंट आणि त्यांचे सहकारी स्टुअर्ट हेडलम यांनी वाजवी मजुरीचा आग्रह धरला, छपाई कामगारांची संघटना तर आधीपासून मागे लागलेली होती. १८८९मध्ये बोर्डाने अट मान्य केली.

त्याच वर्षी लंडन कौन्टी कौन्सिल ही नवी संस्था जन्माला आली. बॅटरसीतून निवडून आलेले कामगार नेते जॉन बर्न्स यांनी तिथे हा प्रश्न लावून धरला. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे कंत्राटदारावर सोडलं तर कलम कागदावरच राहणार होतं. म्हणून कामगार संघटनांनी मान्य केलेल्या दरांचं पत्रक पुढे कंत्राटालाच जोडलं जाऊ लागलं. कंत्राटदारांनी फारच चढे दर मागितले तेव्हा कौन्सिलने स्वतःचं बांधकाम खातं काढून कामं केली.

१३ फेब्रुवारी १८९१ रोजी सिडनी बक्स्टन यांच्या ठरावाने ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाने हेच तत्त्व सरकारी कंत्राटांना लावलं. पण ठरावात ‘चालू दर’ म्हटलं होतं, आणि चालू दर कोणाचा, यावर वाद होत राहिले. १९०९ आणि १९४६मध्ये ठराव सुधारावा लागला. १९४९मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ९४ क्रमांकाचा करार करून सार्वजनिक कंत्राटांतल्या मजुरीच्या अटीला जगभरची मान्यता दिली.

पुढे हा वंश तोडायचाही प्रयत्न झाला. थॅचर सरकारने १९८३मध्ये संसदेतला तो ठराव रद्द केला. दरम्यान शेफील्डसारख्या ब्रिटिश शहरांनी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी संबंध तोडायचं ठरवलं होतं. मजुरीच्या अटीतून उमललेला विचार आता मालाच्या देशापर्यंत पोचला होता. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्याने दोन्ही वाटा अडवल्या : कामगारांच्या सेवाशर्ती आणि मालाचा मूळ देश यांचा विचार कंत्राट देताना करायचा नाही, असं स्थानिक संस्थांना बजावलं. २०१२च्या कायद्याने सेवांची कंत्राटं ठरवताना समाजाचं आणि पर्यावरणाचं हित तपासायला सांगून ते दार पुन्हा उघडलं.

आपल्याकडेही सार्वजनिक बांधकामाच्या कंत्राटांत वाजवी मजुरीचं कलम असतं, १९७०मध्ये कंत्राटी कामगार कायदाही झाला. तरी मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या सुमारे २,७०० कामगारांना, आपण पालिकेचेच कामगार आहोत हे सिद्ध करायला कचरा वाहतूक श्रमिक संघासोबत औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल २०१७मध्ये त्यांच्या बाजूने लागला.

सव्वाशेहून जास्त वर्षांत एक गोष्ट वारंवार सिद्ध झाली आहे. स्वस्त निविदेतला फरक कोणीतरी भरतोच. बहुतेक वेळा तो भरणाऱ्याचं नाव निविदेत नसतं. म्हणून धोरणाच्या पहिल्या पानावरची सुंदर वाक्यं पुरेशी नाहीत. मजुरीचा दर कंत्राटात आकड्याने लिहावा, तो कामाच्या जागी कामगाराला वाचता येईल असा लावावा, पोटकंत्राटदारांची नावं जाहीर करावीत आणि तक्रार करणाऱ्याचं काम जाणार नाही याची हमी पालिकेने द्यावी. कागद, बस आणि बालमजुरीच्या नव्या अटींनाही हीच कसोटी लावली, तर त्या खऱ्या अर्थाने पाळल्या जातील.