ज्यू धर्मशास्त्रातील स्पर्शबंदी : नाडीपरीक्षेचा वाद

ज्यू धर्मशास्त्रात परस्त्रीला, तसेच ऋतुकाळात स्वतःच्या पत्नीलाही स्पर्श करण्यास मनाई आहे. या बंधनाला 'नेगिया' म्हणतात. आधार लेवीय ग्रंथाच्या 18व्या अध्यायाचा. कामवासनेने मारलेली मिठी हा मूळ आज्ञेचाच भंग, असे मायमोनिडीस (1138–1204) यांचे मत. नाक्मानिडीस यांच्या मते तो रब्बींनी पुढे घातलेला निर्बंध.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हता. ऋतुकाळात पत्नी गंभीर आजारी पडली आणि पतीशिवाय दुसरा वैद्यच नसेल, तर त्याने तिची नाडी पाहावी का? जीव वाचवण्यासाठी बहुतेक आज्ञा मोडता येतात, निषिद्ध संबंधांविषयीच्या मात्र नाहीत. त्यामुळे मायमोनिडीस यांचे मत धरल्यास प्राणसंकटातही मनाईच राहील, अशी शंका 16व्या शतकात योसेफ कारो यांनी मांडली. त्यावर 17व्या शतकात शब्बताई हाकोहेन यांनी उत्तर दिले : मायमोनिडीस वासनेच्या स्पर्शाबद्दल बोलतात, ज्यू वैद्य तर परक्या विवाहित स्त्रियांच्याही नाड्या पाहतात. म्हणजे रोजचा व्यवहारच येथे पुरावा ठरला!

20व्या शतकात अमेरिकेत हाच हेतूचा प्रश्न हस्तांदोलनाबाबत पुढे आला. तेथे मोशे फाइनस्टाइन (1895–1986) यांना निव्वळ शिष्टाचाराच्या सबबीवर विसंबणे कठीण वाटले.