खंजिरीचा मुलूख : पांढुर्णा आणि सौसर

वास्कोच्या श्रीदामोदर भजनी सप्ताहाला आपण बहुतेक जण कधी ना कधी जाऊन आलेलो आहोत. चोवीस तास अखंड भजन चाललेले असते. गाणाऱ्यांतल्या अनेकांची घरातली बोली कोकणी, पण तोंडी अभंग असतात ते मराठी. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पोर्तुगीज अमदानीतही कचेरीतला कागद पोर्तुगीजमध्ये आणि देवळातले भजन मराठीत, अशीच वाटणी होती. राज्य गेले, कागदाची भाषा बदलली, भजन राहिले.

मग प्रश्न पडतो की महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहिलेल्या दुसऱ्या मराठी मुलखांत काय झाले? तिथे लोकांच्या ओठांवर कोणती गाणी राहिली, आणि ती कोणी रुजवली? हा प्रश्न घेऊन मी नकाशा पाहू लागलो की बोट थांबते ते मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौसर या दोन गावांवर.

पांढुर्ण्याचे नाव आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत वर्षातून एकदा येते, तेही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे. जांब नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा वर्षाव. पण तेवढ्यावरून त्या गावाची ओळख करून घेणे म्हणजे गोव्याची ओळख फक्त समुद्रकिनाऱ्यांवरून करून घेण्यासारखे आहे. हा संत्र्यांचा आणि कापसाचा प्रदेश. नागपूर इथून शंभर किलोमीटरच्या आत. पांढुर्णा तर नागपूर-इटारसी या लोहमार्गावरचेच स्टेशन. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रियर्सन यांनी भारतातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हाही छिंदवाडा जिल्ह्याच्या या दक्षिण भागात मराठी बोलली जाते अशी नोंद झाली आहे. आधी नागपूरकर भोसल्यांचे राज्य, १८५४ पासून इंग्रजांचे, पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. या सगळ्या काळात राजधानी नागपूर हीच होती. इथल्या माणसाचा बाजार, कोर्ट, इस्पितळ, सोयरीक, सगळे नागपूरकडे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि पुढे १९६० साली महाराष्ट्रात आले. छिंदवाडा जिल्हा मात्र नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर पांढुर्णा-सौसरही. राजधानी एकदम भोपाळ झाली. सरकारी कारभार हिंदी, आणि बहुतेक शाळाही हिंदी. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, पण राज्य तेच.

आता या मुलखातला लोकप्रिय गायक कोण, असे विचारले तर सिनेमातले नाव घेण्याआधी एका खंजिरीवाल्याचे नाव घ्यावे लागेल. ते म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

‘लोकप्रिय गायक’ हा शब्द संताला लावणे काहींना आवडणार नाही. पण त्या काळात गाण्याने माणसे जमवण्याची ताकद कोणाकडे होती हे पाहिले की दुसरा शब्द सुचत नाही. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे हा गरीब घरातला मुलगा. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू, आणि ‘तुकड्या’ हे नाव त्यांनीच दिलेले. शिक्षण जेमतेम. हातात खंजिरी, म्हणजे एका बाजूने कातडे मढवलेले आणि कडेला झांजा लावलेले छोटेसे वाद्य. आपल्या घुमटासारखेच तेही साध्या माणसाचे वाद्य. त्याला ना तंबोरा लागतो, ना रंगमंच. गावाच्या पारावर उभे राहून गाता येते.

भजनातून ते देवाबरोबरच गावाविषयी गात. स्वच्छता, व्यसन, अस्पृश्यता, श्रम, एकोपा, असे विषय. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९३६ साली गांधीजींच्या सहवासात सेवाग्रामला राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटले, तेव्हा सरकारने त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. इंग्रज सरकारला एका भजन गाणाऱ्याची धास्ती वाटली, यातच त्या भजनांचे वजन कळते.

आणि मुख्य गोष्ट अशी की त्यांनी भजने मराठीत रचली आणि हिंदीतही रचली. मध्य प्रांत हे दोन भाषांचे राज्य होते. नागपूरच्या बाजारात दोन्ही भाषा कानावर पडत. महाराजांच्या भजनांत त्या शेजारणींसारख्या नांदल्या. त्यामुळे १९५६ साली राज्याची सीमा आखली गेली तेव्हा या भजनांचे काही अडले नाही. पांढुर्ण्याच्या मुलाला शाळेत हिंदी आली, तरी संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत दोन्ही भाषा होत्याच. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भात गावोगावी आहेत, तशा सीमेपलीकडच्या मराठी गावांतही आहेत. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले. मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवाला आजही महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेशातून माणसे येतात.

त्याच १९५६ सालची आणखी एक घटना इथे आठवते. राज्याची सीमा पडण्याच्या अवघे अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर वामनदादा कर्डक आणि पुढे प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांची भीमगीते मराठी माणूस जिथे जिथे होता तिथे पोचली. या गाण्यांनाही कोणत्या राज्याचा परवाना लागला नाही.

रेडिओचे मात्र वेगळे झाले. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली. तिच्या लहरींना १९५६ ची सीमा दिसत नव्हती, तेव्हा मराठी कार्यक्रम ऐकायला पलीकडेही अडचण नव्हती. पण १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. गंमत अशी की केसकर स्वतः मराठी. त्यांना लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावे असे वाटत होते, आणि लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला! अमीन सायानींची गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. १९५७ साली विविध भारती काढून सरकारने माघार घेतली. म्हणजे मराठी घरांत हिंदी शिरली ती काही केवळ भोपाळच्या हुकमाने नव्हे. ती गाण्याच्या गोडीनेही शिरली.

त्या गोडीचे सर्वांत मोठे नाव लता मंगेशकर. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ आपल्या मंगेशीचे, आणि लताबाईंचा जन्म १९२९ सालचा, इंदूरचा. म्हणजे गोव्याचे मूळ, आजच्या मध्य प्रदेशातला जन्म, मराठी घर आणि हिंदी गाणी. तुकडोजी महाराज आणि लताबाई यांची तुलना करण्याचे कारण नाही, वाटा फार वेगळ्या. पण दोघांनीही दोन भाषांत गायिले, आणि सीमेवरच्या माणसाला त्यामुळे एकीसाठी दुसरी सोडावी लागली नाही.

पण गाणे भाषेला किती काळ धरून ठेवू शकते? भजन पाठ असते, म्हणून ते टिकते. महाराजांची ‘ग्रामगीता’ मात्र मराठी ओव्यांत आहे, आणि ती समजून वाचायला मराठी यावे लागते. लिपी देवनागरी असल्याने हिंदी शाळेत शिकलेल्या मुलाला अक्षरे ओळखता येतील, पण ओवीतला वऱ्हाडी शेतकरी त्याला भेटेल का? घरात आजी मराठी बोलणारी असेल तोवर भेटेल. नंतरचे सांगवत नाही.

हा प्रश्न आपलाही आहे. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी वापरात जागा मिळाली. त्यावर आपण पुष्कळ भांडलो आहोत. पण सप्ताहात टाळ धरून उभ्या असलेल्या पोराला आपण काय गातो आहोत ते समजते का, हे फारसे कोणी विचारत नाही. पुढच्या सप्ताहाला गेलात तर शेजारच्या मुलाला अभंगाचा अर्थ जरूर विचारा. नाही सांगता आला तर रागावू नका. भजन संपल्यावर त्याला समजावून सांगा. भजनाने भाषा सांभाळली आहे, आता तिचा अर्थ आपण सांभाळायला हवा.