पिळाची दांडी आणि आट्यांचा ठोकळा

जुन्या वस्तूंकडे कायदा बहुधा दोनच दृष्टींनी पाहतो. वस्तू धोक्याची वाटली तर तो तिच्यावर पहारा बसवितो. वारसा वाटली तर पहारा उठवितो. इंग्लंडातील मोटारींच्या नशिबी हे दोन्ही आले. १९६० साली, अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना, दहा वर्षांच्या वा त्याहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग तपासून घेण्याची सक्ती सुरू झाली. १९६७ पर्यंत ही मर्यादा तीन वर्षांवर आली. पुढे वारे फिरले. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, आणि मूळ रचनेत मोठा फेरफार न झालेल्या खासगी मोटारींना या वार्षिक तपासणीतून मोकळीक मिळाली.

अशी मोकळीक वाचली की आम्हां वकिलांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की पहारेकरी गेल्यावर जबाबदारी कोणाच्या शिरावर बसली? नादुरुस्त गाडी रस्त्यावर आणण्याचा गुन्हा काही माफ झालेला नाही. तो कोणत्याही वयाच्या गाडीला लागू आहे. म्हणजे तपासणाराही मालकच आणि उत्तरदायीही मालकच. एखादा हौशी गृहस्थ आपल्या घराच्या पडवीत जुन्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन उतरवून पुन्हा बांधतो, तेव्हा ते निव्वळ छंदाचे काम राहत नाही, ते यामुळे. याचे उदाहरण म्हणून मॉरिस मायनर या गाडीइतकी बोलकी साक्ष आम्हांस दुसरी ठाऊक नाही.

या गाडीचा कर्ता अलेक इसिगोनिस. त्याचा जन्म १९०६ सालचा, स्मर्ना येथला; आज त्या शहराला इझमीर म्हणतात. १९२२ च्या धामधुमीत कुटुंबाला ते शहर सोडावे लागले, माल्टात वडील वारले, आणि मायलेक इंग्लंडात येऊन राहिले. बॅटर्सी येथील तंत्रशाळेत हा मुलगा गणितात तीनदा नापास झाला. परंतु त्याचा चित्राचा हात विलक्षण होता, आणि पुढे त्याने जे घडविले ते आधी कागदावर रेखाटूनच घडविले. १९३६ मध्ये तो ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे मॉरिस कंपनीत दाखल झाला, तोही सस्पेन्शनच्याच कामासाठी. त्याच सुमारास फावल्या वेळात, जॉर्ज डाउसन या मित्राबरोबर, तो एक छोटी शर्यतीची गाडी हातांनी बांधीत होता. ‘लाइटवेट स्पेशल’ हे तिचे नाव, आणि तिची चारही चाके रबराच्या स्प्रिंगांवर झुलत. ज्याने पुढे कारखान्यासाठी लाखोंनी खपणारी गाडी आखली, तो स्वतः घरी गाडी बांधून शिकलेला माणूस होता. मायनर उघडणाऱ्याला ही गोष्ट पावलोपावली जाणवते. जवळजवळ प्रत्येक बोल्टापर्यंत पाना पोचतो.

त्या काळच्या स्वस्त इंग्रजी गाड्यांना पुढे एक सरळ आस आणि त्याखाली पाटे असत, आपल्याकडील टांग्याला वा ट्रकला असतात तसे. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही त्याचा झटका बसे. इसिगोनिसने दोन्ही चाके स्वतंत्र केली आणि पाट्यांच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पिळाची दांडी, घातली. गाडीच्या लांबीच्या दिशेने जाणारी ही पोलादी दांडी मागच्या टोकाला सांगाड्यात घट्ट बसविलेली असते आणि पुढच्या टोकाला चाकाच्या खालच्या बाहूत. चाक वर उचलले गेले की दांडीला पीळ पडतो. तो पीळ उलगडू पाहतो, आणि हीच तिची स्प्रिंग. कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ मध्ये तिचे पेटंट मागितले होते, आणि १९३४ च्या सित्रोएन गाडीत ती फ्रान्सच्या रस्त्यांवर धावतही होती. इसिगोनिसला त्या गाडीचे मोठे कौतुक होते.

ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर लोकांपुढे आली. आयत्या वेळी कर्त्याला ती अरुंद वाटली म्हणून नमुन्याची गाडी मधोमध कापून चार इंच रुंद करण्यात आली, आणि आधीच तयार झालेले बंपर कापून त्यांत चार इंचांचे ठिगळ घालावे लागले. मालक लॉर्ड नफील्ड यांनी तिला पाण्यात उकडलेल्या अंड्याची उपमा दिली असे सांगतात. त्या अंड्याची सोळा लाखांच्या आसपास पिल्ले १९७१ पर्यंत बाहेर पडली, आणि इंजिने बदलली तरी पुढच्या सस्पेन्शनची घडण मूळचीच राहिली.

आमच्या वाचकांनाही हे अगदी परके वाटू नये. हीच मायनर हिंदुस्थान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून आपल्याकडे विकली. तिची थोरली बहीण मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या पुढच्या पिढीतून आपली अँबॅसडर निघाली, जी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्यास तयार होत होती. मंगेशीला वा कवळ्याच्या शांतादुर्गेला भाड्याच्या अँबॅसडरमधून जो गेला आहे, त्याने पिळाच्या दांडीचा झोल अंगावर अनुभवला आहे.

आता मर्मस्थानाकडे वळू. मायनरचे पुढचे चाक ज्या उभ्या खुंटीवर डावीउजवीकडे वळते ती किंगपिन. तिच्या वरच्या व खालच्या टोकांना आटे पाडलेले असतात, आणि त्यांवर ट्रनियन नावाचे एकेक आट्यांचे ठोकळे बसतात. वरचा ठोकळा शॉक अॅब्सॉर्बरच्याच बाहूला जोडलेला, खालचा खालच्या बाहूला. चाक वळते तेव्हा खुंटी या आट्यांत फिरते. भार कसा वाहिला जातो तेही नीट पाहावे. दांडीचा पीळ खालच्या बाहूला, आणि म्हणून खालच्या ठोकळ्याला, सतत खाली रेटतो. रस्ता चाकाला, आणि म्हणून खुंटीला, वर धरून ठेवतो. म्हणजे गाडीचा पुढचा भार त्या आट्यांवर लोंबतो. सुमारे पाऊण टनाच्या गाडीचे एक पुढचे चाक मुठीत मावेल एवढ्या ठोकळ्यातील आट्यांच्या भरवशावर उभे असते.

आट्यांत वंगण असेपर्यंत ही योजना निर्दोष चालते. वंगण सुकले, त्यात धूळ आणि पाणी शिरले, की आटे झिजतात. आणि एके दिवशी खुंटी ठोकळ्यातून निसटते व चाक गाडीखाली आडवे होते. बहुधा हे घडते ते हळू चालताना, चाक पूर्ण वळविताना. हे गाडी धरून असलेल्याचे सुदैव म्हणायचे. भर वेगात हेच घडले तर काय होईल ते सांगावयास नको. म्हणून हा आराखड्याचा दोष मानावा काय? आमच्या मते नाही. कारखान्याने ग्रीस भरण्याच्या जागा ठेवल्या होत्या आणि ठराविक मैलांनी तेथे ग्रीस भरण्यास पुस्तिकेत स्पष्ट सांगितले होते. बैलगाडीच्या आसाला वंगण न घालता जो गाडी हाकतो, त्याने सुताराला दोष देऊ नये. इतके मात्र खरे, की चूक झाल्यास तिची शिक्षा इतकी जबर असेल असा करार कर्त्याने करावयास नको होता, असे कोणी म्हटले तर त्यावर आमच्याजवळ चोख उत्तर नाही.

घरी हे काम करणाऱ्याने पहिली धास्ती बाळगावी ती पिळाची. सांगाडा भक्कम आधारांवर टेकवून चाक काढले तरी दांडीत जोर भरलेलाच असतो. खालच्या बाहूखाली जॅक देऊन, मगच किंगपिनची वरची जोडणी सोडावी आणि जॅक सावकाश उतरवीत पीळ पूर्ण उलगडू द्यावा. घाईने बोल्ट ठोकून काढणाऱ्याची हाडे या बाहूने मोडू शकतात. दांडी बाहेर काढावयाची असल्यास तिच्या दातांवर रंगाची खूण करावी, छिन्नीची कधीही नव्हे. पिळाच्या पोलादावर पडलेला लहानसा ओरखडा पुढे तडा होतो. डाव्या बाजूची दांडी उजवीकडे घालू नये, कारण वर्षानुवर्षे एकाच दिशेने पिळलेले पोलाद उलट पीळ नीट सोसत नाही. नवा ठोकळा खुंटीवर पूर्ण चढवून किंचित मागे फिरवावा, म्हणजे चाक दोन्हीकडे पूर्ण वळले तरी आटे अडत नाहीत. वरचा शॉक अॅब्सॉर्बर घरी उघडण्याच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. तो तयार दुरुस्त केलेला आणावा.

भाग मिळतात कोठून, हीही एक कहाणीच आहे. १९७६ मध्ये चार्ल्स वेअर यांनी बाथ शहरात मायनरच्या दुरुस्तीचे केंद्र काढले आणि १९८२ च्या आपल्या पुस्तकात असा हिशेब मांडला, की दर काही वर्षांनी नवी गाडी घेण्यापेक्षा जुनी टिकविणे स्वस्त पडते. केंद्र आणि पुस्तक यांच्यामागे एक बाजारपेठ उभी राहिली. म्हणून खुंट्या आणि ठोकळे आजही नवे घडविले जातात.

येथे कायदा पुन्हा आडवा येतो. २०१८ च्या मोकळिकीला अट आहे ती मोठा फेरफार नसण्याची, आणि त्या अटीच्या सरकारी स्पष्टीकरणात सस्पेन्शनची जात वा पद्धत बदलणे हा मोठा फेरफार म्हणून सांगितला आहे. झिजलेल्या ठोकळ्याच्या जागी त्याच घडणीचा नवा घालणे हा फेरफार नव्हे. जीर्णोद्धार कोणता आणि नवे बांधकाम कोणते, यावर देवस्थानांच्या बैठकींत रात्री जागविलेल्या आमच्या वाचकांना या भेदाची फोड करून सांगण्याची गरज नाही.

बांधून झाल्यावर गाडी चाकांवर उतरवावी आणि मगच रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळावेत. गाडी अधांतरी असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. दोन्ही बाजूंची उंची पट्टीने मोजावी, थोडे मैल चालवून पुन्हा मोजावी, आणि फरक असल्यास दांडीच्या मागच्या टोकाशी तो काढावा. त्यानंतर चाक उचलून, आट्यांवरचा भार हलका करून, ग्रीसगनने वंगण भरावे, ते जुने काळे वंगण कडेने बाहेर पडून मागून स्वच्छ दिसू लागेपर्यंत. आणि त्या दिवसाची तारीख व मैलांचा आकडा वहीत टिपून ठेवावा.