एका रांगेतली घरं : बाथ, फोर्ट आणि वाकोला

वाकोल्यात मी ज्या बैठ्या चाळीत वाढलो तिथे खोल्या नऊ होत्या आणि आडव्या भिंती दहा. मधली प्रत्येक भिंत दोन घरांची. शेजारच्या काकांनी खिळा ठोकला की आमच्या देव्हाऱ्यातली घंटी हलायची. वर सगळ्यांचं मिळून एकच कौलारू छप्पर, पुढे एकच लांब ओटा. काही वर्षांपूर्वी ती चाळ पाडून इमारत झाली. संमतीच्या कागदावर आमच्या घरातर्फे सही मीच केली. त्याबद्दल शेवटी बोलतो.

आपल्याकडे टेरेस म्हणजे गच्ची. इंग्लंडमध्ये टेरेस म्हणजे भिंतीला भिंत लावून बांधलेली घरांची रांग. म्हणजे आपली बैठी चाळच म्हणा ना, फक्त मजल्यांवर मजले चढवलेली. १७१४ ते १८३० या काळात तिथे ओळीने चार जॉर्ज राजे झाले, म्हणून त्या काळातल्या रांगांना जॉर्जियन टेरेस म्हणतात.

या घरांची रचना समजायला सोपी आहे. रस्त्याकडेची जागा महाग, म्हणून घर अरुंद आणि उंच. स्वयंपाकघर तळघरात. पाहुण्यांचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर, म्हणून तिथल्या खिडक्या सगळ्यांत उंच. वर जावं तशा खिडक्या लहान होत जातात आणि अगदी माळ्यावर नोकरांच्या खोल्या. रस्त्यावर उभं राहून नुसत्या खिडक्या बघितल्या तरी आत कोण कुठे राहत होतं ते कळतं. दोन घरांमधली भिंत मात्र जाड विटांची, एका घरातली आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. लंडन १६६६ मध्ये जळालं होतं, त्यातून शिकलेला हा धडा.

अशा रांगांमधली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे बाथ शहरातला रॉयल क्रेसेंट. चंद्रकोरीसारखी वळलेली ३० घरं, पुढे ११४ खांब. जॉन वुड (धाकटा) या वास्तुविशारदाने १७६७ ते १७७४ या काळात ती उभी केली. गंमत पुढे आहे. वुडने फक्त दर्शनी भाग आखून दिला. गिऱ्हाइकाने त्यातला आपल्या घरापुरता तुकडा घ्यायचा आणि मागे आपल्या सोयीने घर बांधायचं. त्यामुळे पुढून सगळं एकसारखं आणि मागून प्रत्येकाचं वेगळं. एक चेहरा, तीस मालक.

क्रेसेंट पूर्ण झाला त्याच १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्या ताब्यात गेली. आपलं वाकोला साष्टीतलंच. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं.

ही कल्पना पुढे मुंबईत पोचली, पण फोर्टात. टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात पूर्वी कापसाचे गठ्ठे पडायचे. १८६० च्या दशकात तिथे मधोमध बाग आणि भोवती गोलाकार इमारती उभ्या राहिल्या. हेच एल्फिन्स्टन सर्कल. भूखंड व्यापारी कंपन्यांना विकले, पण दर्शनी भाग सगळ्यांनी एकसारखा ठेवायचा. काळ व्हिक्टोरिया राणीचा असला तरी युक्ती बाथचीच. स्वातंत्र्यानंतर सर्कलला 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं. इंग्रज असून जालियनवाला बागेच्या बातम्या छापल्या म्हणून १९१९ मध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं होतं.

१९९५ मध्ये मुंबईत हेरिटेजचे नियम आले. असे नियम करणारं हे देशातलं पहिलं शहर. इमारतींना श्रेणी मिळाल्या. शिवाय काही ठिकाणी एकटी इमारत न बघता अख्खा परिसर जपायचं ठरलं. रांगेच्या बाबतीत हेच महत्त्वाचं आहे. रांगेतलं एक घर स्वतंत्रपणे बघितलं तर साधं असतं. त्याची किंमत त्याच्या डाव्या-उजव्या घरांमुळे. एक दात पडला की पूर्ण तोंड बदलतं, तसं.

बाथमध्ये यावरून भांडणही झालं. १९७० च्या दशकात क्रेसेंटमधल्या एका बाईंनी आपलं दार पिवळं रंगवलं. बाकी सगळी दारं पांढरी. नगरपालिकेने नोटीस काढली, बाई लढल्या आणि जिंकल्या. दार आजही पिवळं आहे.

पण बाथची दुसरी गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. ज्या काळात दाराच्या रंगावर वाद होत होता, त्याच सुमाराला त्याच शहरात कारागिरांच्या, कामगारांच्या साध्या जॉर्जियन रांगांवर बुलडोझर फिरत होते. श्रीमंतांच्या रांगा यादीत वर होत्या, गरिबांच्या रांगांना 'जुनाट वस्ती' म्हटलं गेलं. १९७३ मध्ये अ‍ॅडम फर्ग्युसन यांनी 'द सॅक ऑफ बाथ' हे पुस्तक लिहून हे चव्हाट्यावर आणलं. त्यांचा मुद्दा असा की मोठ्या इमारतींना अर्थ येतो तो भोवतीच्या साध्या घरांमुळे. पुस्तकाने मोठी खळबळ उडवली, पण तोवर बऱ्याच रांगा गेल्या होत्या.

आता वाकोल्याकडे या. आमच्या गावठाणात ईस्ट इंडियन कुटुंबांची जुनी घरं आहेत. मंगलोरी कौलं, पुढे व्हरांडा, बाहेरून वर जाणारा जिना, कोपऱ्यावर क्रूस. गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या. दर दोन-चार वर्षांनी त्यातलं एखादं घर जातं आणि तिथे पत्त्याच्या डावासारखी उंच इमारत उभी राहते. गिरगावच्या खोताच्या वाडीत एके काळी ६५ च्या आसपास घरं होती, आता निम्मीही नाहीत. ती वाडी निदान बातम्यांत येते. वाकोल्याचं घर पडलं तर गल्लीबाहेर कळत नाही.

मी गोड आठवणींचं दुकान मांडत नाहीये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या रात्री आमच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. संडास सामाईक, सकाळी रांग. आईचे गुडघे दुखायचे, तिला रात्री बाहेर जावं लागायचं. म्हणून मी सही केली. आज आईला घरात संडास आहे आणि या सहीचा मला पश्चात्ताप नाही.

राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आमच्यासमोर पर्याय दोनच होते : गळकं कौल किंवा बिल्डर. रांग ठेवून आत सुधारणा करायची, हा तिसरा पर्याय कुणी मांडलाच नाही. रॉयल क्रेसेंटच्या आत आज फ्लॅट आहेत, हॉटेल आहे, संग्रहालय आहे. बदलाला परवानगी लागते, पण बदल होतो. जपणं म्हणजे लोकांना अठराव्या शतकात डांबून ठेवणं नव्हे.

गावठाणात अजून काही रांगा शाबूत आहेत. त्यांना फोर्टाएवढा मान नको. दुरुस्तीची परवानगी सुटसुटीत द्या. घरात संडास बांधायला, कौल बदलायला मदत करा. ज्याने उंच बांधायचा हक्क सोडला त्याला टीडीआरच्या रूपात मोबदला द्या, ही सोय हेरिटेजच्या नियमांत आहेच. आणि यादी करताना एकेक घर मोजू नका, रांग मोजा.

आमच्या चाळीचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. लग्नाच्या फोटोंत मागे ओट्याचा एक खांब दिसतो, तेवढाच. तुमच्या भागात अशी रांग उरली असेल तर या रविवारी समोरच्या फुटपाथवर उभं राहून पूर्ण रांगेचा फोटो काढून ठेवा. उद्या कुणी विचारलं की इथे जपण्यासारखं होतं काय, तर दाखवायला काहीतरी हाताशी असेल.