मोहरीचं आडनाव

बेंडामुस्टिन. तपकिरी काचेच्या लहानशा कुपीवर हे नाव छापलेलं असतं आणि आत चिमूटभर पांढरी पूड असते. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, किंवा सावकाश वाढणारा लिम्फोमा ज्यांच्या घरात शिरला आहे त्यांच्या कानांवरून हे नाव गेलेलं असतं. ‘बीआरच्या सहा सायकल सांगितल्यात,’ असं ते सांगतात. त्यातला बी म्हणजे हे औषध आणि आर म्हणजे रिटुक्सिमॅब.

हे नाव जरा तोडून वाचा. बेंडा हे नाव आणि मुस्टिन हे आडनाव. औषधांची नावं ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय रिवाज असा की एका रासायनिक घराण्यातल्या औषधांना एकच शेपूट द्यायचं. ‘मुस्टिन’ हे शेपूट आलं आहे ‘मस्टर्ड’वरून. मस्टर्ड म्हणजे मोहरी. या मोहरीचा फोडणीशी काही संबंध नाही. संबंध आहे तो पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसशी, ज्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘मोहरी वायू’ म्हणतात.

आणि गंमत म्हणजे मोहरी वायूत मोहरी नाही आणि तो वायूही नाही. ते एक तेलकट द्रव्य आहे. त्याला उकळायला दोनशे अंशांच्या वर तापवावं लागतं, आणि थंडीत 14 अंशांच्या खाली ते गोठतं. 1860 मध्ये फ्रेडरिक गथ्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं आणि त्याच्या वासाला मोहरीची उपमा दिली. एका माणसाच्या नाकाला जे वाटलं ते पुढे सगळ्या घराण्याला चिकटलं. (खुद्द ‘मस्टर्ड’ या शब्दाचं मूळ आणखी मागे, द्राक्षांच्या ताज्या रसात आहे. लॅटिनमध्ये त्या रसाला ‘मुस्टुम’ म्हणत आणि युरोपात मोहरी त्यात वाटत. म्हणजे कुपीवरच्या नावात मोहरी आहे, द्राक्षंही आहेत. कुपीत दोन्ही नाहीत.)

जुलै 1917 मध्ये बेल्जियममधल्या ईप्र या गावाजवळ जर्मनांनी ते तोफगोळ्यांत भरून डागलं. फ्रेंचांनी त्या गावावरून त्याला ‘इपेरीत’ म्हटलं. जर्मन त्याला ‘लॉस्ट’ म्हणत, ते लोमेल आणि श्टाइनकॉप्फ या दोन रसायनज्ञांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून. टिकलं ते इंग्रजांचं नाव. ते अंगावर पडल्या पडल्या काहीच कळत नसे. काही तासांनी कातडीवर फोड येत, डोळे सुजून मिटत, श्वासनळी सोलून निघे. या जखमांवर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. पण 1919 मध्ये क्रंभार नावाच्या अमेरिकी संशोधक दांपत्याने एक वेगळीच नोंद छापली. वायूने भाजलेले जे सैनिक काही दिवस जगले, त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या आणि हाडांतला मगज सुकून गेला होता. त्या काळात रक्ताच्या कर्करोगावर मुख्यतः क्ष-किरण आणि आर्सेनिक हेच होतं. तरीही या नोंदीतला इशारा वीसेक वर्षं कुणी वाचला नाही.

आपला देशही या कथेतून सुटत नाही. 1930 च्या दशकात इंग्रज शास्त्रज्ञांनी रावळपिंडीच्या छावणीत हिंदी सैनिकांवर या द्रव्याचे प्रयोग केले, काळ्या कातडीवर ते कमी भाजतं का हे पाहायला. आणि 1997 मध्ये रासायनिक अस्त्रबंदीचा करार लागू झाल्यावर स्वतंत्र भारताने आपल्याकडचा 1,044 टनांचा साठा जाहीर केला. 2009 पर्यंत तो नष्ट झाला.

आता घराण्यातला पहिला मोठा बदल. मूळ द्रव्यात मध्यभागी गंधकाचा अणू असतो. त्याला दोन हात, आणि दोन्हीच्या टोकाला क्लोरिन. गंधकाच्या जागी नायट्रोजन बसवला की एक तिसरा हात मिळतो. त्या तिसऱ्या हातात काय द्यायचं हे रसायनज्ञाने ठरवायचं. पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा या घराण्याचा इतिहास म्हणजे या तिसऱ्या हातात कुणी काय दिलं याचा इतिहास आहे. पहिले दोन हात मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिले. ते पेशीतल्या डीएनएच्या दोन धाग्यांना एकेक पकडतात आणि एकमेकांना गाठ मारतात. गाठ पडलेले धागे उलगडत नाहीत आणि पेशी दुभंगू शकत नाही. ज्या पेशी भराभर वाढतात त्या आधी मरतात. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तर इतक्या नाजूक, की न वाढता नुसत्या बसलेल्या असल्या तरी मरतात. लिम्फोमा आणि सीएलएल हे या लिम्फोसाइटचेच आजार.

1942 मध्ये येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे दोन तरुण औषधशास्त्रज्ञ सरकारच्या गुप्त कामावर होते. या दोघांचं नाव आजही एमबीबीएसच्या मुलांना पाठ असतं, ते त्यांच्या जाडजूड पाठ्यपुस्तकामुळे. त्यांचं काम होतं विषावर उतारा शोधण्याचं. पण त्या विषाने लसिकापेशी, म्हणजे लिम्फोसाइट, विरघळतात हे दिसल्यावर त्यांनी उलटा प्रश्न विचारला: लसिकापेशींचीच गाठ झाली असेल तर? टॉमस डॉअर्टी या सहकाऱ्याने लिम्फोमाची गाठ असलेल्या उंदराला नायट्रोजन मस्टर्ड टोचलं. गाठ मऊ पडली, मग दिसेनाशी झाली. काही आठवड्यांनी ती परत आली, पण तोवर तो उंदीर तशा इतर उंदरांपेक्षा कितीतरी जास्त जगला होता.

मग माणूस. त्याची नोंद ‘जे. डी.’ एवढ्या आद्याक्षरांनी आहे. पोलंडहून आलेला, बॉल बेअरिंगच्या कारखान्यात काम करणारा, पन्नाशीच्या आतला. जबड्याखालची आणि मानेतली गाठ एवढी वाढली होती की तोंड उघडेना, घास गिळवेना. क्ष-किरणांनी आधी ती बसली होती, आता दाद देत नव्हती. 27 ऑगस्ट 1942 रोजी सकाळी 10 वाजता गुस्ताफ लिंडस्कॉग या शल्यविशारदाच्या देखरेखीखाली त्याच्या शिरेत पहिला डोस गेला. युद्धाची गुप्तता इतकी की केसपेपरवर औषधाचं नाव नाही, नुसतं ‘एक्स’. काही दिवसांत गाठी मऊ पडल्या, तो जेवू लागला, मान वळवू लागला. पुढे काउंट कोसळले, गाठी परतल्या. 1 डिसेंबर 1942 रोजी तो गेला. केमोथेरपी म्हणजे आपली ‘किमो’ इथे सुरू झाली असं मला ठामपणे वाटतं, जे. डी. त्यानंतर अवघे तीन महिने जगला असला तरी.

‘इथे’ यावर जोर देण्याला कारण आहे. बहुतेक लेखांत आणि भाषणांत किमोचा जन्म इटलीतल्या बारी बंदरात झाला असं सांगतात. 2 डिसेंबर 1943 च्या रात्री जर्मन विमानांनी त्या बंदरावर हल्ला केला. तिथे उभ्या असलेल्या ‘जॉन हार्वे’ या अमेरिकी जहाजाच्या पोटात 2,000 मस्टर्ड बॉम्ब होते आणि ही गोष्ट जवळजवळ कुणालाच माहीत नव्हती. जहाज फुटलं, द्रव्य तेलात मिसळून पाण्यावर पसरलं आणि खलाशी त्यातच पोहत राहिले. 600 हून जास्त लोक इस्पितळांत आले, त्यांतले 83 दगावले. शहरातल्या सामान्य माणसांची मोजदाद झालीच नाही. स्टुअर्ट अलेक्झांडर या अमेरिकी लष्करी डॉक्टरने वरिष्ठांच्या नकाराला न जुमानता हे मस्टर्डच आहे असं लिहून ठेवलं आणि पांढऱ्या पेशी कशा घसरल्या तेही नोंदवलं. चर्चिल यांनी आपल्या बाजूच्या कागदांतून तो शब्द काढायला लावला. अलेक्झांडर यांचं धाडस खरं आणि त्यांचा अहवालही मोलाचा. पण जे. डी.च्या शिरेत औषध जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. बारीने साक्ष दिली. जन्म दिला नाही. जळतं बंदर सांगायला सोपं जातं, केसपेपरातला ‘एक्स’ मागे राहतो.

1946 मध्ये गुप्तता उठली आणि 67 रुग्णांचा अहवाल छापून आला. 1949 मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. इंग्लंडमध्ये त्याचं नाव साधं ‘मुस्टिन’, घराण्याचं आडनाव तेच पाळण्यातलं नाव. मोठं कडक औषध. शिरेतून थेंबभर जरी बाहेर सांडलं तरी कातडीवर फोड उठायचा, थेट ईप्रच्या खंदकातला. 1960 च्या दशकात अमेरिकेत व्हिन्सेंट डेव्हिटा आणि सहकाऱ्यांनी ते आणखी तीन औषधांबरोबर हॉजकिन लिम्फोमाला दिलं. 43 पैकी 35 रुग्णांत रोगाचा मागमूस उरला नाही. त्याआधी पसरलेला हॉजकिन म्हणजे निरवानिरव होती. किंमतही मोजावी लागली: अनेकांना पुढे मूल झालं नाही आणि काहींना वर्षांनंतर दुसरा ल्युकेमिया झाला. म्हणून पुढे हॉजकिनच्या उपचारातून या थोरल्याला हळूहळू निवृत्त केलं गेलं.

तोवर तिसऱ्या हाताने कामं सुरू केली होती. लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत त्या हातात बेंझिनचं कडं दिलं, त्यामुळे तापट रेणू थंडावला आणि गोळीच्या रूपात पोटातून देता येऊ लागला. हे क्लोरँब्युसिल. डेव्हिड गॉल्टन यांनी 1955 मध्ये त्याचा रुग्णांवरचा अनुभव मांडला आणि पुढची पन्नासेक वर्षं सीएलएल झालेल्या वयस्कांचं ते औषध ठरलं. फ्रिजमध्ये ठेवायची छोटीशी गोळी. केस जात नाहीत, सलाईन नाही. आजार बरा होत नसे, पण आजोबा नातवाच्या मुंजीत बसत. 1958 मध्ये जर्मनीत नॉर्बर्ट ब्रोक आणि सहकाऱ्यांनी तिसऱ्या हातात फॉस्फरसचं कडं देऊन औषध झोपवून ठेवलं. यकृतात गेल्यावरच ते जागं होतं. हे सायक्लोफॉस्फमाइड. लिम्फोमाच्या ‘आर-चॉप’मधला सी तो हाच. त्याच्या सलाईनबरोबर सिस्टर ‘भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका’ असं बजावतात, कारण त्याचा एक अवशेष मूत्राशयाचं अस्तर भाजतो. कुळाचा स्वभाव.

आणि बेंडामुस्टिन? ते 1963 मध्ये पूर्व जर्मनीतल्या येना गावी ओझेगोव्स्की आणि क्रेब्स यांनी बनवलं. ‘झायटोस्टासान’ नावाने ते त्या देशात वापरात होतं, आणि बर्लिनच्या भिंतीपलीकडच्या डॉक्टरांना त्याचा जवळजवळ पत्ता नव्हता. भिंत 1989 मध्ये पडली. अमेरिकेची मान्यता मिळाली 2008 मध्ये. पुढच्याच वर्षी 319 सीएलएल रुग्णांचा अभ्यास आला. बेंडामुस्टिनला 68 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, क्लोरँब्युसिलला 31 टक्के. धाकट्या चुलतभावाने थोरल्याला हरवलं. सव्वीस वर्षं एक औषध एका भिंतीमागे पडून राहतं याची मला अजून चीड येते.

मग बाहेरचे आले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात हे घराणं फारसं रुजलंच नव्हतं. तिथे 2001 मध्ये इमॅटिनिबच्या गोळीने सगळं चित्र पालटलं. सीएलएलमध्ये ती पाळी 2014 नंतर आली: इब्रुटिनिब, मग व्हेनेटोक्लॅक्स. डीएनएला गाठी न मारता पेशीच्या जगण्याचा नेमका धागा ओढणारी ही औषधं. 2015 च्या अभ्यासात 65 वर्षांवरच्या 269 रुग्णांत इब्रुटिनिबची तुलना कुणाशी केली? क्लोरँब्युसिलशी. रोग वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका इब्रुटिनिबने 84 टक्क्यांनी कमी केला. नव्या पैलवानांना अंगावर घ्यायला म्हातारा वस्ताद आखाड्यात उतरवत राहिले, आणि तो हरत राहिला. आज सीएलएलचं निदान झालेल्या माणसाला, औषधाचा खर्च झेपत असेल तर, डॉक्टर सहसा या घराण्याचं नाव घेत नाहीत. घरात अशी चर्चा चालू असेल तर ‘गोळी किती दिवस घ्यायची आणि महिन्याला किती लागतील?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. काही गोळ्या रोग आटोक्यात आहे तोवर चालूच ठेवाव्या लागतात, काही ठरावीक मुदतीत थांबतात.

घराणं संपलं असं वाटावं, तर ते मागच्या दाराने परत आलं. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवून परत द्यायच्या, ही कार-टी उपचारपद्धती. 2010 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या गटाने ती सीएलएलच्या पहिल्या तीन रुग्णांना दिली. त्यांतल्या दोघांच्या रक्तात त्या पेशी दहा वर्षांनीही सापडल्या. पण नव्या पेशींना शरीरात जागा हवी. जुन्या लिम्फोसाइट आधी हटवाव्या लागतात. त्या तिघांपैकी दोघांना त्यासाठी बेंडामुस्टिन दिलं होतं, तिसऱ्याला सायक्लोफॉस्फमाइड.

मुंबईतही तेच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार-19 ही भारतीय कार-टी, हिला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. तेव्हा तिचा खर्च सुमारे 40 लाख रुपये सांगितला जात होता, अमेरिकेतल्या खर्चापेक्षा कितीतरी कमी. त्या पेशी शिरेत सोडण्याआधीच्या दिवसांत रुग्णाला फ्लुडाराबिनबरोबर सायक्लोफॉस्फमाइड दिलं जातं. त्याची कुपी औषधाच्या दुकानात काहीशे रुपयांच्या आत मिळते.