भोसले आणि घोरपडे : एका वंशवृक्षाची मुळे

भोसले कुलाचा मूळपुरुष कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर वर्गात फार सहजपणे दिले जाते. इ. स. १३०३ मध्ये अलाउद्दीन खिलजीने चितोड घेतले, पुढे सिसोदिया कुलातील सज्जनसिंह दक्षिणेत उतरला, आणि त्याच्या वंशात मालोजी, शहाजी व शिवाजीमहाराज झाले, असे ते उत्तर. ह्यातील शेवटची तीन नावे निर्विवाद आहेत. आरंभीच्या नावांपासून त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र तितका सरळ नाही. वेरूळ, तुळजापूर, दौलताबाद, गुलबर्गा आणि बीदर ही ह्या कथेतील स्थळे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्याच, व पुढे हैदराबाद राज्याच्या, सीमेत होती. तेव्हा ह्या प्रश्नाची चिकित्सा करणे हे येथील मराठी वाचकास परक्या घरात डोकावण्यासारखे वाटू नये.

खात्रीची पहिली पायरी म्हणजे बाबाजी भोसले. हिंगणी, बेरडी, देऊळगाव ह्या आज दौंड तालुक्याच्या परिसरात मोडणाऱ्या गावांची पाटिलकी त्यांच्याकडे होती. त्यांचे पुत्र मालोजी आणि विठोजी निजामशाहीत नावारूपास आले. हा काळ सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध. म्हणजे चितोडचा पाडाव आणि बाबाजी ह्यांच्यामध्ये अडीच शतकांचे अंतर राहते, आणि सारा वाद ह्या अडीच शतकांचा आहे.

हे अंतर भरून काढण्याचे काम मुधोळच्या फर्मानांनी केले. (हे मुधोळ म्हणजे आपल्या निर्मल जिल्ह्यातील नव्हे, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातील, जेथे घोरपडे घराण्याचे संस्थान १९४८ पर्यंत होते.) संस्थानच्या दप्तरातील फारसी फर्माने डॉ. बाळकृष्ण व द. वि. आपटे ह्यांच्या ग्रंथांतून विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात वाचकांपुढे आली आणि एकच खळबळ उडाली. त्यांतील सर्वांत जुने इ. स. १३५२ चे. बहमनी राज्य स्थापन होऊन अवघी पाच वर्षे झाली होती. सुलतान हसन बहमनशहाने सज्जनसिंहाचा पुत्र व अजयसिंहाचा नातू राणा दिलीपसिंह ह्यास देवगिरी तरफेत दहा गावे दिली, असा त्यात मजकूर आहे. पुढील फर्मानांतून पिढीमागून पिढी उतरत जाते आणि इ. स. १४७१ च्या फर्मानात घोरपडे हे नाव येते. महमूद गावानच्या कोकण मोहिमेत खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेताना कर्णसिंह घोरपडीच्या साहाय्याने तट चढला. म्हणून त्याचा पुत्र भीमसिंह ह्यास ‘राजा घोरपडे बहादूर’ हा किताब मिळाला, असे ते सांगते. कर्णसिंहाचा भाऊ शुभकृष्ण वेरूळकडील जुन्या वतनावर राहिला व त्याच्यापासून भोसल्यांची शाखा निघाली, अशी ही मांडणी आहे.

घोरपडीची कथा ऐकली की इ. स. १६७० च्या सिंहगडाची आठवण होणारच. तेथे तानाजीच्या पराक्रमाशीही हाच प्राणी लोकांनी जोडला आहे. तेवढ्यावरून फर्मान खोटे ठरत नाही. परंतु आडनावाचा अर्थ सांगण्यासाठी रचलेली कथा आणि घडलेली गोष्ट ह्यांतील भेद ध्यानात ठेवणे भाग पडते.

ही फर्माने अस्सल मानावीत की नाही ह्याविषयी संशोधकांत एकमत नाही. आमच्या मते अडचणीचे एक कारण येथे हैदराबादेतच दिसते. डॉ. यूसुफ हुसेन ह्यांनी येथील सरकारी दप्तरखान्यातून दख्खनच्या सुलतानांची फर्माने व सनदा १९६३ मध्ये संपादून प्रसिद्ध केल्या. त्या संग्रहाचा काळ इ. स. १४०८ पासून १६८७ पर्यंतचा आहे. म्हणजे मुधोळचे पहिले फर्मान ह्या संग्रहातील सर्वांत जुन्या कागदाहूनही अर्धशतकाने जुने! ज्याच्याशी ताडून पाहावे असा समकालीन कागद हाताशी नसेल, तर पारखणाऱ्याची कसोटीच दुबळी पडते.

तथापि सिसोदियांशी असलेले नाते राज्याभिषेकाच्या वेळी, इ. स. १६७४ मध्ये, गागाभट्टाच्या सोयीसाठी जुळविले गेले, हा नेहमीचा आक्षेपही आम्हांस ग्राह्य वाटत नाही. शहाजीराजांच्या बंगळूर दरबारातील कवी जयराम पिंडे ह्याने ‘राधामाधवविलासचंपू’त राण्याच्या कुळात जन्मलेल्या दलीपाचा आणि त्याच्या कुळातील मालोजींचा उल्लेख केला आहे. राजवाड्यांनी हा ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. विजापूर दरबारास लिहिलेल्या एका पत्रात शहाजीराजांनी स्वतःस राजपूतही म्हणविले आहे. म्हणजे ही समजूत राज्याभिषेकाच्या पूर्वीची आहे, हे निश्चित. परंतु चंपूतील दलीप आणि फर्मानातील दिलीपसिंह ह्यांचे नावसादृश्य पाहून फर्मान सिद्ध झाले असे मानणे म्हणजे उडी मारणे होय. चंपूवरून सतराव्या शतकाच्या मध्यास शहाजीराजांच्या घरी ते नाव ठाऊक होते, इतकेच कळते. चौदाव्या शतकात काय घडले ते कळत नाही. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारता’त मालोजींना सूर्यवंशी म्हटले आहे. तेही कुलाभिमानाचे साक्ष्य आहे, वंशावळीचे नव्हे.

टॉडने राजस्थानच्या इतिहासात सज्जनसिंहाच्या दक्षिणगमनाची वार्ता दिली आहे आणि पुष्कळ लेखक ती स्वतंत्र साक्ष म्हणून पुढे करतात. टॉडचा पहिला खंड १८२९ चा. तोपर्यंत भोसले कुलाची कीर्ती हिंदुस्थानभर पसरून दीड शतक लोटले होते. कीर्तिमान कुलाला आपल्या शाखेत सामावून घेण्याचा मोह मेवाडच्या भाटांना झाला नसेल, असे कोणी म्हणावे? यूरोपात पहिल्या मॅक्सिमिलियन बादशहाने तर आपल्या हॅब्सबुर्ग कुलाचा संबंध ट्रॉयच्या हेक्टरपर्यंत नेवविला होता.

डॉ. रा. चिं. ढेरे ह्यांनी २००१ मध्ये ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ ह्या ग्रंथात अगदी निराळी दिशा दाखविली. भोसल्यांचे कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव. मालोजींनी तेथे तळे बांधविले. ढेऱ्यांच्या प्रतिपादनानुसार ह्या क्षेत्राशी निगडित असलेला बळिप हा कर्नाटकातील सोरटूरहून आलेला, होयसळ कुळाशी संबंधित पुरुष, आणि ‘भोसले’ हे नाव ‘होयसळ’ ह्याचेच रूपांतर. दैवताच्या मागाने कुळाचे मूळ शोधण्याची ही रीत आम्हांस अत्यंत फलदायी वाटते, कारण वंशावळ नव्याने लिहिता येते, कुलदैवत बदलणे तितके सोपे नसते. परंतु बळिप आणि बाबाजी ह्यांच्यामध्येही नावांची साखळी तुटलेलीच आहे. सिसोदिया पक्षाला जो प्रश्न विचारावयाचा, तोच ह्याही पक्षाला विचारणे न्याय्य ठरेल.

भोसले आणि घोरपडे ह्या घराण्यांत वैर किती होते, हे सर्वश्रुत आहे. इ. स. १६४८ मध्ये जिंजीजवळ बाजी घोरपड्यांनी शहाजीराजांना कैद केले. १६६४ मध्ये शिवाजीमहाराजांनी मुधोळवर चालून जाऊन बाजींना मारले. पुढे १६७७ मध्ये, ह्याच भागानगरी कुतुबशहाच्या भेटीस आले असता, महाराजांनी बाजींचे पुत्र मालोजी ह्यांस पत्र लिहिले. त्यात जुन्या वैराची आठवण आहे, आणि ते विसरून दक्षिणेची पातशाही दक्षिण्यांच्या हाती राखावी, आपल्या जातीच्या मराठ्यांचे कल्याण करावे, असे आवाहन आहे. शुभकृष्णाच्या नात्याची पारख करणाऱ्याने हे पत्र अवश्य समोर ठेवावे.

वर्गात काय सांगावे, हा व्यावहारिक प्रश्न उरतो. बाबाजींपासून पुढचे इतिहास म्हणून सांगावे. सिसोदिया वंश ही शहाजीराजांच्या काळी रूढ असलेली परंपरा म्हणून. होयसळ मत हे एका थोर संशोधकाचे अनुमान म्हणून. शुभकृष्ण ते बाबाजी हा दुवा जोडणारा कागद ज्या दिवशी निघेल त्या दिवशी हा क्रम बदलावा लागेल. मुधोळच्या मूळ फर्मानांची, छापील पाठांची नव्हे, शाई, कागद, शिक्के व लेखनवळण ह्या सर्व अंगांनी बहमनी काळच्या कागदांशी नव्याने तुलना होणे हे त्याआधीचे काम आहे.